तिसऱ्या दिवशी कुदळ

दिवस 1, रविवार, 28 जुलै 2019

किलिमांजारो विमानतळावर उतरले तेव्हा किलिमांजारो कुठेच दिसत नव्हता. 5,895 मीटर उंचीचा डोंगर ढगांनी पार गिळून टाकला होता. मोशी गावातून पुढे हिमोच्या तिठ्याला गाडी डावीकडे वळली आणि चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना केळी, केळीच्या सावलीत कॉफीची झुडपं आणि मधून खळाळणारे अरुंद पाट. हवा गार होत गेली. मारांगूच्या थोडं वर असलेल्या एका गावात पुढचे सहा आठवडे मी राहणार आहे आणि तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत काम करणार आहे.

इथं यायची तयारी बरेच महिने चालली होती, आणि त्यातला मोठा भाग कागदपत्रांतच गेला. कुणाच्या मनात असं काही असेल तर आधी हे ऐका: टांझानियात पर्यटक व्हिसावर शाळेत काम करता येत नाही, ते बिनपगारी असलं तरीही. स्वयंसेवकांसाठी निवासी परवान्याचा वेगळा वर्ग आहे, ‘सी’ वर्ग. ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून निघू नये. आपण अडकतो ते अडकतोच, शाळेच्या डोक्यालाही ताप होतो.

ज्या घरी उतरले तिथं आई, तिची दोन मुलं आणि आजी आहेत. आजीला स्वाहिलीत ‘बिबी’ म्हणतात आणि आजोबांना ‘बाबू’. मोठ्या माणसाला भेटलं की ‘शिकामू’ म्हणायचं. मूळ अर्थ, मी तुमचे पाय धरते. आजीनं ‘माराहाबा’ म्हणून उत्तर दिलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. पहिल्याच शब्दाला पाया पडणं झालं, त्यामुळे घर लगेच ओळखीचं वाटलं.

दिवस 2, सोमवार

सकाळी साडेसहाला उजाडतं. सातपर्यंत मुलं शाळेत हजर असतात, निळा-पांढरा गणवेश आणि वर हिरवा स्वेटर. झाडाला टांगलेली लोखंडी चकती, म्हणजे मोटारीच्या चाकाची रिम, हीच शाळेची घंटा. तिच्यावर दांडा आपटला की डोंगरउतारावर पार खालपर्यंत आवाज जातो.

प्रार्थनेच्या रांगा लागल्या आणि राष्ट्रगीत सुरू झालं, ‘मुंगू इबारिकी आफ्रिका’. ही चाल दक्षिण आफ्रिकेतल्या इनॉक सोंटोंगा या शिक्षकाने 1897 मध्ये बांधली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतातही ती आहे. शिक्षकाने रचलेली चाल शाळेच्या अंगणात, धुक्यात, शेकडो पोरांच्या तोंडून ऐकताना घसा दाटून आला.

मला दुसरीचा वर्ग दिला. मुलं मोजली, 74. एका बाकावर चार-चार जण, पाचवा कडेला टेकलेला. वाचनाचं एक पुस्तक पाच जणांत. भिंतीवर ज्युलियस न्येरेरे यांचा फोटो. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, मूळचे शिक्षक. त्यांना आजही ‘म्वालिमू’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. एवढी मोठी पदं भूषवूनही लोकांनी नावाला चिकटवून ठेवलं ते हेच, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मी तक्ते, चित्रं, गाणी अशी महिन्याभराची तयारी करून आले होते. बाईंनी मला शेवटच्या बाकामागे स्टूल दिलं आणि शांतपणे सांगितलं, “आज बघा.” मी दिवसभर बघत बसले. त्या फळ्यावर ‘बा बे बी बो बू’ लिहितात आणि 74 आवाज ते परत म्हणतात. आपली बाराखडीच, फक्त पाच घरांची. कुणी बरोबर वाचलं की बाई ‘माकोफी!’ म्हणतात आणि अख्खा वर्ग ठेक्यात टाळ्या वाजवतो. एक पोरगा चुकला, त्यालाही प्रयत्नाबद्दल टाळ्या मिळाल्या. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की माझ्या पिशवीतल्या अर्ध्या गोष्टींची या वर्गाला गरजच नाही. बाईंना शिकवायचं कसं हे पक्कं माहीत आहे. त्यांच्याकडे कमी आहे ती जागा, पुस्तकं आणि आणखी दोन हात.

निघताना त्या म्हणाल्या, “केशो, सा न्ने.” उद्या, चार वाजता. आकडे मी रात्री जागून पाठ केले होते: मोजा, म्बिली, तातू, न्ने. कळलं म्हणून मान डोलावली.

दिवस 3, मंगळवार

दुपारी साडेतीनला शाळेत पोचले तर अंगण रिकामं. दोन मुलं झाडू घेऊन घरी निघाली होती.

इथलं घड्याळ सूर्यापासून मोजतात. विषुववृत्त जवळ, त्यामुळे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे. सूर्य उगवला की एक तास झाला तो ‘सा मोजा’, म्हणजे आपले सकाळचे सात. ‘सा न्ने’ म्हणजे सकाळचे दहा. दिवसाचा आरंभ मध्यरात्री झोपेत होण्यापेक्षा उजाडताना व्हावा हे किती सरळ आहे! पण ते मी विचारलं नाही, आणि दहा वाजता वर्ग माझी वाट बघत बसला. बाईंनी मागच्या सहा मुलांना माझ्यासाठी वेगळं बसवून ठेवलं होतं. ती सहा मुलं तासभर दाराकडे बघत होती. मला हे फार लागलं.

मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत. त्यांनी चहा दिला, स्वाहिलीतही त्याला ‘चाय’च म्हणतात, आणि एक म्हण सांगितली: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. न्येरेरे यांनी 1962 मधल्या ‘उजामा’वरच्या, म्हणजे कुटुंबभावनेवर उभ्या आफ्रिकी समाजवादावरच्या, आपल्या निबंधात हीच म्हण वापरली होती. पाहुणचार आणि कष्ट यांचं नातं इतक्या कमी शब्दांत सांगणारं दुसरं काही मला आठवत नाही.

“आज तिसरा दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या दहाला ती सहा मुलं तुमची.”

दिवस 4, बुधवार

अवोकाडोच्या झाडाखाली दोन बाक आणि सहा मुलं. दुसरीत येऊनही अक्षरं न जुळणारी. तिघं नवीन आलेली, एक बराच काळ आजारी होता, एक फारसा बोलतच नाही. आणि एक मुलगी, जिचा स्वेटर कोपरावर दुसऱ्या रंगाच्या लोकरीने रफू केलेला आहे. तिनं बसल्याबसल्या विचारलं, “उनाओंदोका लिनी?”

मला कळलं नाही. दुसऱ्या एका मुलानं इंग्रजीत जमवून सांगितलं: तू जाणार कधी?

नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हा. या शाळेत याआधीही पाहुणे आले, गाणी शिकवली, फोटो काढले, गेले. सात वर्षांच्या मुलीने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं आहे. मी बोटांवर आठवडे मोजून दाखवले, खरे तेवढेच. तिनं ते स्वतःच्या बोटांवर मोजून घेतले आणि पुस्तक उघडलं.

गोष्ट सशाची आणि तरसाची होती. ससा, ‘सुंगुरा’, इकडच्या लोककथांमधला हुशार गडी. तरस, ‘फिसी’, हावरट आणि भोळा. स्वाहिली लिहितात तशीच वाचली जाते, त्यामुळे मी रोमन अक्षरं बघून अख्खं पान घडाघडा वाचू शकत होते, एका शब्दाचाही अर्थ न कळता. आणि त्या मुलीला वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण मी वाचलेलं प्रत्येक वाक्य तिला कळत होतं. मी वाचायची आणि ती हसायची, मग मला अर्थ सांगायची. शब्दांत सांगून उपयोग नव्हता म्हणून करून दाखवायची. ‘कुरुका’ आलं, ती बाकावरून उडी मारून उभी राहिली. ‘कुलाला’ आलं, डोकं बाकावर टेकून झोपली. मग मी त्या शब्दावर बोट ठेवायचे आणि ती तो शब्द बघून पुन्हा उडी मारायची. तासाभरानं ‘कुरुका’ आणि ‘कुलाला’ तिला नजरेनं वेगळे ओळखू यायला लागले.

तेवढ्यात गाय आली. पुस्तकात ‘एन जी’, वर एक टिंबासारखी खूण, मग ‘ओ एम बी ई’. मी ‘न्गोंबे’ वाचलं. सहाही जण एकदम “आ आ!” म्हणाले. मुलीनं माझ्यासमोर तोंड उघडून आवाज काढून दाखवला. नाकातून येणारा, घशाशी उमटणारा. दोनदा ऐकल्यावर ओळख पटली: अरे, हा तर ङ! शाळेत क ख ग घ ङ घोकताना ज्याच्यावर एकही शब्द मिळायचा नाही, तक्त्यात ज्याच्यासमोर चित्र नसायचं, तो ङ. इथं गाय त्याच्यापासून सुरू होते. ‘ङोंबे’.

मी म्हटल्यावर सगळ्यांनी ‘माकोफी’ केलं. दुपारी वहीत शोधत बसले. ‘ञ’सुद्धा सापडला. घर म्हणजे ‘ञुंबा’, साप म्हणजे ‘ञोका’. गुरुजींचं नावसुद्धा खरं ‘ञेरेरे’ असं लिहायला हवं. आपल्या वर्णमालेनं सांभाळून ठेवलेले हे दोन पाहुणे इथं घरचे आहेत. मी बऱ्याच वर्षांत इतकी खूश झाले नव्हते.

दिवस 6, शुक्रवार

शुक्रवार धुण्याचा. शाळेला नोकर नाही, सगळं मुलं करतात. मोठी मुलं पिवळ्या कॅनमधून पाणी आणतात, धाकटी पानांचे झाडू घेऊन अंगण झाडतात. पाणी येतं ते पाटातून. या पाटांना ‘म्फोंगो’ म्हणतात. किलिमांजारोच्या उतारावरच्या चागा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कुदळीनं खोदून, डोंगराच्या कडेकडेनं, वरच्या ओढ्यांचं पाणी आपापल्या केळीच्या बागेपर्यंत आणलं आहे. पाणी कोणत्या दिवशी कुणाचं हे गावानं ठरवायचं, डागडुजीला सगळ्यांनी यायचं.

मीही अनवाणी होऊन वर्ग घासायला बसले. बाकाखाली बोटभर लांबीच्या पेन्सिली सापडल्या. इथं एक पेन्सिल दोघांत तोडून वाटतात आणि टोक दाढीच्या पात्यानं काढतात. अर्धं पातं, एका बाजूला कागद गुंडाळलेला. सहा-सात वर्षांची पोरं इतक्या सफाईनं टोक काढतात की मी श्वास रोखून बघत राहते.

माझ्या पिशवीत पेन्सिलींचे बरेच डबे होते. पहिल्याच दिवशी ते मुख्याध्यापिकांना दिले, आणि हा सल्ला त्यांचाच: मुलांच्या हातात स्वतः काही देऊ नका. एकाला दिलं की 73 हात पुढे येतात, आणि पाहुणा म्हणजे वस्तू हे गणित पक्कं होतं. शाळेनं वाटलं की ते शाळेचं होतं. फोटोंचंही तसंच. मुलांचे चेहरे मी काढत नाही. आई-बापांना विचारल्याशिवाय कुणाचं लेकरू आपल्या फोनमध्ये भरून न्यायचा आपल्याला काय अधिकार?

दुपारी जेवायला ‘माकांदे’, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. धान्य पालक देतात. मोठ्या हंड्यातून पळीनं वाढतात, मुलं घरून आणलेल्या वाडग्यात घेतात. मीठ आणि भूक, एवढ्यावर ते इतकं चविष्ट लागतं!

दिवस 8, रविवार

चर्च, कपडे धुणं, आजीबरोबर केळी सोलणं. पेटीवर बसून तिच्याकडून शब्द गोळा केले. वही म्हणजे ‘दफ्तारी’, लेखणी ‘कालामू’, रंग ‘रांगी’, गाडी ‘गारी’, पैसा ‘पेसा’, गोणी ‘गुनिया’, आंबा ‘एंबे’. समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर किती काय आलं-गेलं! ‘किताबू’चं तर नवल. अरबीतला ‘किताब’ इथं आला आणि त्यातला ‘कि’ लोकांनी स्वाहिलीचा उपसर्ग धरून त्याचं अनेकवचन ‘विताबू’ करून टाकलं. भाषा आपलंसं करते ती अशी.

दिवस 10, मंगळवार

आजचा दिवस जड गेला. बाईंच्या टेबलावर एक काठी असते. नियमांनी इथं मर्यादा घालून शारीरिक शिक्षेला परवानगी आहे. आज ती एका मुलाच्या हातावर दोनदा बसली, गृहपाठ नव्हता म्हणून. माझ्या पोटात खड्डा पडला. वर्गात काही बोलणं बरोबर नव्हतं. शाळा सुटल्यावर दोघी पाटाच्या कडेला बसलो आणि मी मला काय वाटलं ते सांगितलं. मुलाला मारणं मला कुठेही, कुणाच्याही हातून पटत नाही, आणि पाहुणी म्हणून मी ते गिळणार नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 74 मुलं, एक माणूस, तुम्ही उभ्या राहून बघा. उत्तर म्हणून ते मला पुरेसं वाटलं नाही, पण त्यांचा थकवा खरा होता. एवढं ठरलं की गृहपाठ न केलेली मुलं यापुढे झाडाखाली माझ्याकडे यायची आणि तिथं बसून तो पुरा करायचा. उद्यापासून सहाचे अकरा होणार. होऊ देत.

त्या आणखी एक बोलल्या ते मनातून जात नाही. प्राथमिक शाळा सगळी स्वाहिलीत. सातवीची परीक्षा सप्टेंबरमध्ये, तीही स्वाहिलीत. आणि त्यापुढे माध्यमिक शाळेत पाऊल टाकलं की सगळे विषय इंग्रजीत. काल ज्या मुलाला गणित येत होतं, त्याला आज प्रश्नच कळत नाही. सरकारनं 2016 पासून माध्यमिकच्या चौथ्या वर्गापर्यंत फी माफ केली, पोरं दारापर्यंत पोचली, पण उंबरा भाषेचा आहे. इथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा चागा, म्हणजे इंग्रजी तिसरी. म्हणून त्यांनी मला संध्याकाळी सातवीला इंग्रजीतून गणिताचे शब्द शिकवायला सांगितलं. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, परिमिती. गाणी नकोत, खेळ नकोत, हे शब्द द्या. मला हे काम फार आवडलं, कारण ते त्यांनी मागितलेलं आहे.

दिवस 12, गुरुवार, 8 ऑगस्ट

‘नाने नाने’, आठ-आठ, शेतकऱ्यांचा दिवस. देशभर सुटी. पहाटे आजीनं दार ठोठावून उठवलं. बाहेर येऊन वर बघितलं तर आकाशात, ढगांच्याही वर, किलिमांजारोचं सगळ्यात उंच, पांढरं शिखर किबो गुलाबी झालेलं. बारा दिवस मी खालच्या टेकड्यांनाच डोंगर समजत होते. तो तर त्यांच्या दुप्पट उंचीवर होता. दहा मिनिटांत पुन्हा मिटला.

मग गोठा. इथं गायी चरायला सोडत नाहीत, बागेतच बांधून त्यांना केळीचे खुंट आणि गवत घालतात, आणि शेण परत केळीला. आईबरोबर मी गवताचा भारा आणायला गेले. ती जेवढा डोक्यावर घेते त्याच्या निम्मा मला पेलला. वाटेत रफू केलेल्या स्वेटरची मुलगी भेटली, तिच्याही डोक्यावर भारा. सुटीच्या दिवशी तिचं काम शाळेच्या दिवसापेक्षा जास्त असतं. शाळेत ती पेंगते ते का, हे मला आज कळलं. तिनं गोठ्याकडे बोट दाखवलं आणि माझी परीक्षा घेतली. “ङोंबे,” मी म्हटलं. ती समाधानानं पुढे गेली.

दिवस 27, शुक्रवार

मधले दिवस भरभर गेले. एकदा ताप आला, मोशीला जाऊन मलेरियाची तपासणी केली, नव्हता. उंचीमुळे इथं डास कमी, पण रात्री मच्छरदाणी आणि रोजची गोळी मी चुकवत नाही.

बाईंनी आणि मी मिळून खोक्यांचे पुठ्ठे कापून अक्षरपत्ते केले. एका बाजूला ‘बा’, ‘का’, ‘ञो’, ‘ङो’ असे तुकडे त्यांच्या रोमन लिपीत, दुसऱ्या बाजूला मुलांनीच काढलेलं चित्र. हस्ताक्षर त्यांचं, माझं नाही. मी गेल्यावर ते पत्ते कुणाच्या टेबलावर राहणार हे आधीच ठरलं पाहिजे. सातवीतल्या दोन मुली आता रोज मधल्या सुटीत झाडाखाली येऊन धाकट्यांना वाचायला बसवतात. मी मुद्दाम लांब बसते. अकरातली पाच मुलं वर्गात परत गेली आहेत.

न बोलणारा मुलगा आज पत्ता उचलून “ञोका” म्हणाला आणि स्वतःच दचकला.

दिवस 41, शुक्रवार, 6 सप्टेंबर

शेवटचा दिवस आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी मुलीनं बोटं मोजून इतरांना सांगून टाकलं होतं. शिक्षकांनी मला खांगा दिला, सुती कापडांची जोडी, ठसठशीत काठ आणि खाली छापलेली म्हण. प्रत्येक खांग्यावर एक वाक्य असतंच. माझ्यावर आहे: ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा.’ चिमूटचिमूट करत माप भरतं.

निरोप आवरून मी दहा वाजता, सा न्ने, नेहमीसारखी झाडाखाली गेले. पुस्तक तेच, ससा आणि तरसाचं, शेवटचं पान. आज वाचणार ती होती. बोट शब्दाखाली, ओठ आधी हलतात, मग आवाज येतो. ‘सुंगुरा’ सरळ वाचला. ‘ङोंबे’ वाचताना माझ्याकडे बघितलं. मग एका लांबलचक शब्दाशी थांबली. मला तो येत नव्हता, मी गप्प राहिले. “आ… ली… चे… चे…” तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. “आली… चेचे… मेआ. अलिचेचेमेआ!”

“माआना याके निनी?” मी विचारलं. म्हणजे काय गं?

तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, बाकावरून उतरली, आणि एक पाय ओढत, कमरेत वाकून, लंगडत लंगडत अख्ख्या अंगणाला फेरी मारून आली.